व्हीएसएनएलचं इंटरनेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजच्या कॉलेजातल्या मुलांना 'व्हीएसएनएल' हे बीएसएनएलचं चुकून टाइप झालेलं नाव वाटतं. ज्यांनी ते वापरलं त्यांच्या कानात मात्र अजून मोडेमची, म्हणजे संगणकाला फोनच्या तारेशी जोडणाऱ्या यंत्राची, ती खरखर आहे. दोन्ही बाजूंच्या लोकांकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. ज्याबद्दल सांगण्यासारखं जास्त, तिथे जास्त.

व्हीएसएनएल म्हणजे बीएसएनएलच ना?

नाही. विदेश संचार निगम लिमिटेड ही वेगळी सरकारी कंपनी होती. देशातल्या देशात फोन लावायचा तर मुंबई-दिल्लीत एमटीएनएल आणि इतरत्र दूरसंचार खातं. त्या खात्याची पुढे २००० साली बीएसएनएल कंपनी झाली. पण फोन देशाबाहेर जायचा असेल तर तो विदेश संचारच्या हातातूनच जाणार. टेलेक्स, तार, उपग्रह, समुद्राखालची केबल, जे काही परदेशी जाईल किंवा परदेशातून येईल, त्याचं फाटक यांच्याकडे. मुख्यालय मुंबईत फोर्टमध्ये, महात्मा गांधी रस्त्यावरच्या विदेश संचार भवनात. हे फाटक नीट लक्षात ठेवा, पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

ही कंपनी आली कुठून?

वाटतं त्यापेक्षा जुनी आहे, आणि तिची पाळंमुळं बरीचशी पुणे जिल्ह्यात आहेत. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश खडकीहून सुटत आणि तिकडचे दौंडला पकडले जात. दौंड म्हटलं की आपल्याला रेल्वे जंक्शन आठवतं, पण लंडनचा संदेशही तिथेच उतरायचा. पुढे १९४७ मध्ये सरकारनं ही व्यवस्था ताब्यात घेऊन 'ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस' नावाचं खातं केलं. १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वीला देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. (वर्ध्याची आर्वी वेगळी. हा घोळ नेहमी होतो.) १ एप्रिल १९८६ ला त्या खात्याची कंपनी झाली, तीच व्हीएसएनएल.

इंटरनेट भारतात व्हीएसएनएलनंच आणलं का?

सामान्य माणसापर्यंत, हो. देशात पहिल्यांदा, नाही. 'अर्नेट' हे शिक्षण-संशोधन संस्थांचं जाळं ऐंशीच्या दशकातच सुरू झालं होतं. आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही सॉफ्टवेअर-संशोधन संस्था त्यात होती. 'डॉट इन' या भारताच्या पत्त्याची नोंदवहीसुद्धा कित्येक वर्षं जुहूलाच सांभाळली गेली. त्या जाळ्यात असलेले प्राध्यापक परदेशी ईमेल पाठवत आणि आपल्यासारखे लोक आंतरदेशीय पत्रावर पत्ता लिहीत बसत.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं पैसे भरून कुणालाही घेता येईल अशी सेवा सुरू केली. नाव 'गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस', तोंडी 'गियास'. आधी मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, पाठोपाठ पुणे आणि बंगळूर.

किती पैसे पडायचे?

घरगुती साधं, म्हणजे 'शेल' खातं २५० तासांना ५,००० रुपये. चित्रांसकट इंटरनेट दिसेल असं, म्हणजे तेव्हाच्या भाषेत 'टीसीपी-आयपी' खातं, १५,००० रुपये. व्यापारी संस्थांना त्याहून जास्त. विद्यार्थ्यांसाठी फक्त अक्षरं दाखवणारं स्वस्त खातं होतं. वेग सुरुवातीला सेकंदाला ९.६ किलोबिट. शिवाय फोनचं बिल वेगळं, कारण जितका वेळ इंटरनेट तितका वेळ फोन चालू.

आता ९.६ किलोबिट म्हणजे किती, तर सेकंदाला साधारण सव्वा किलोबाइट. पाच एमबीचं एखादं गाणं उतरवायला तासाच्या वर वेळ, तोही मध्ये लाइन तुटली नाही तर.

१५,००० चा आकडा ऐकून आज लोक हसतात. पण त्याच काळात अमेरिकेला फोन लावला तर मिनिटाला साठ रुपयांच्या पुढे जात. टीसीपी-आयपी खात्याचा दर काढला तर तासाला साठ. म्हणजे ज्या घरातली मुलगी न्यू जर्सीत होती, किंवा ज्या कारखानदाराचं गिऱ्हाईक जर्मनीत होतं, त्यांना हे महाग नव्हतं. त्यांच्यासाठी तासाची किंमत मिनिटावर आली होती. आणि ती मिनिटाची कमाई कुणाची होती? त्याच कंपनीची. यावर पुढे येतोच.

शेल खातं म्हणजे काय?

तुमचा संगणक इंटरनेटवर नसायचाच. तो फक्त फोनवरून व्हीएसएनएलच्या 'युनिक्स' या प्रणालीवर चालणाऱ्या मोठ्या संगणकाला चिकटायचा आणि तुम्ही त्या संगणकावर दुरून टाइप करायचात. काळा पडदा, पांढरी किंवा हिरवी अक्षरं. पत्रासाठी 'पाइन' नावाचा प्रोग्रॅम, वेबसाइटसाठी 'लिंक्स'. लिंक्समध्ये चित्राच्या जागी चौकटी कंसात 'इमेज' एवढाच शब्द दिसायचा. फाइल हवी असेल तर ती आधी त्यांच्या संगणकावर उतरवायची आणि मग तिथून फोनवरून घरी आणायची, म्हणजे एकाच फाइलचा प्रवास दोनदा.

माझं प्रामाणिक मत : ज्यांनी शेल खात्यावर सुरुवात केली त्यांना इंटरनेट जास्त कळलं. माउस चालायचा नाही, त्यामुळे आज्ञा पाठ कराव्या लागत. पुण्या-मुंबईतले कितीतरी सॉफ्टवेअरवाले युनिक्स शिकले ते याच दारातून.

जोडणी प्रत्यक्ष कशी लागायची?

फोनची वायर मोडेममध्ये, मोडेम संगणकाला. नंबर फिरवायचा. बहुतेक वेळा एंगेज. पुन्हा फिरवायचा. लागलाच तर आधी एक लांब शिट्टी, मग दोन वेगळ्या सुरांतले ठोके, मग पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर आणि एकदम शांतता. ती शांतता म्हणजे काम झालं. मग नाव, पासवर्ड.

आमच्याकडे खातं काकांच्या ऑफिसचं होतं. संगणकाशेजारी खिळ्याला सुतळीनं एक दोनशे पानी वही टांगलेली. कोण बसलं, किती वाजता लागलं, किती वाजता तोडलं, किती मिनिटं, सगळं लिहायचं. महिनाअखेरीला काका बेरीज करत आणि २५० तासांतून वजा करत. माझ्या नावापुढे एकदा ९४ मिनिटं निघाली होती. कारण विचारल्यावर मी 'अभ्यास' म्हणालो. काकांनी वहीत 'अभ्यास' शब्दापुढे लाल पेननं प्रश्नचिन्ह काढलं, बोलले काही नाहीत.

आतल्या खोलीत त्याच लाइनवर दुसरं फोनयंत्र होतं. काकूनं तो रिसीव्हर उचलला की जोडणी मेली. "अगं, हात लावू नकोस, नेट चालूय!" ही आरोळी त्या काळात ज्या घरात मोडेम होता त्या प्रत्येक घरात ऐकू यायची.

सुरुवात फसली होती, हे खरं का?

खरं आहे, आणि लपवलेलंही नाही. मागणीचा अंदाजच चुकला होता. मोडेम कमी, लाइन कमी, आणि ग्राहकाच्या घरापर्यंतची तांब्याची तार दुसऱ्याच सरकारी खात्याची, तिची अवस्था पावसाळ्यात काय असायची ते सांगायला नको. पहिल्या काही आठवड्यांत लोकांनी पैसे भरले आणि नंबरच लागेना. वर्तमानपत्रांनी झोडपलं.

तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजेंद्र सिंगल यांनी पत्रकारांसमोर उभं राहून आमचं चुकलं अशी कबुली दिली आणि दुरुस्तीसाठी मुदत मागितली. सरकारी कंपनीच्या प्रमुखानं असं म्हणणं आजही बातमी होईल, १९९५ मध्ये तर फारच. यंत्रणा पुढे सुधारली आणि पहिल्या सहा महिन्यांत ग्राहक दहा हजारांवर गेले. आज एखाद्या मोठ्या गृहसंकुलात यापेक्षा जास्त जोडण्या असतील, पण तेव्हा मोडेम असलेले लोकच किती होते?

ईमेल पत्ते इतके विचित्र का असायचे?

कारण पत्त्यात यंत्राचं नाव असायचं. 'ॲट जीआयएएसबीएमझीरोवन डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन' असा पत्ता फोनवर सांगताना घाम फुटायचा. फोड केली तर सोपं आहे : गियास ही सेवा, 'बीएम' म्हणजे बॉम्बे, शून्य-एक हा संगणकाचा क्रमांक. पुणेकरांच्या पत्त्यात 'पीएन'. नंतर 'बॉम', 'बॉमटू', 'बॉमथ्री' असे जरा सुटसुटीत पत्ते आले. पत्त्यावरून माणूस कोणत्या शहरातला हे कळायचंच, शिवाय अनुभवी माणसाला तो किती जुना गिऱ्हाईक आहे हेही कळायचं. शून्य-एकवाले थोडे ताठ मानेनं वावरत.

मुंबई-पुण्याबाहेर काय परिस्थिती होती?

जवळ केंद्र नसेल तर एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा फोन, लावून मोठ्या शहराचा नंबर फिरवायचा. म्हणजे इंटरनेटचे पैसे, वर एसटीडीचे. त्यामुळे सुरुवातीची वर्षं कोल्हापूर, नाशिक, औरंगाबादकडच्या बहुतेकांनी इंटरनेट पाहिलं ते दुसऱ्याच्या ऑफिसात किंवा नंतर सायबर कॅफेत. गोव्यात दूरसंचार खात्याची स्वतःची सोय झाली आणि 'गोवाटेलिकॉम डॉट कॉम'नं संपणारे पत्ते बराच काळ तिथल्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसत राहिले.

शम्मी कपूर यांचा काय संबंध?

अभिनेते शम्मी कपूर हे मुंबईतल्या अगदी सुरुवातीच्या हौशी वापरकर्त्यांपैकी एक. इंटरनेट वापरणाऱ्यांची एक संघटना त्यांनी काढली आणि तिचे ते अध्यक्ष होते. साठीच्या पुढचा माणूस मोडेमशी खेळतोय हे तेव्हा अनेकांना गंमतीचं वाटायचं. खरं तर त्यांच्यासारख्यांनी तक्रारी नीट मांडल्या, म्हणून त्या ऐकल्या तरी गेल्या.

इंटरनेटवरून फोन करायला बंदी का होती?

आता आपण फाटकापाशी आलो.

कंपनीची खरी कमाई इंटरनेटची नव्हतीच. ती होती परदेशी फोनची. तुमच्या मुलीनं अमेरिकेतून फोन केला की तिकडची कंपनी तो कॉल भारतात उतरवण्याचे मिनिटामागे पैसे व्हीएसएनएलला द्यायची, आणि असे कॉल येण्याचं प्रमाण जाण्यापेक्षा बरंच जास्त होतं. हा पैसा परकीय चलनात, बसल्या जागी, स्पर्धक कुणी नाही. त्या जोरावर १९९७ मध्ये कंपनीचे शेअर परदेशी बाजारात विकून पन्नास कोटी डॉलरहून जास्त उभे राहिले आणि २००० मध्ये कंपनीनं न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाव लावलं.

अशा कंपनीनं घराघरांत इंटरनेट द्यायचं म्हणजे आपल्याच टोलनाक्याशेजारून कच्चा रस्ता काढून द्यायचा. लोक त्या रस्त्यानं पत्रं पाठवत होते तोवर ठीक. पण १९९७-९८ पासून संगणकावरून आवाजही जाऊ लागला. मिनिटाला साठ रुपयांचा कॉल आता तासाला साठ रुपयांत होऊ शकत होता, भले आवाज विहिरीतून आल्यासारखा येवो. मग त्या सेवांच्या साइटच बंद करण्यात आल्या. इंटरनेटवरून फोन करणं भारतात कायदेशीर झालं ते १ एप्रिल २००२ ला. त्याच दिवसापासून व्हीएसएनएलची परदेशी फोनवरची मक्तेदारीही संपलेली होती. तारीख योगायोगाची नाही.

एकच फाटक असण्याचे आणखीही परिणाम होते. कारगिलच्या वेळी, १९९९ च्या जुलैत, पाकिस्तानच्या 'डॉन' वृत्तपत्राची साइट भारतात दिसेनाशी झाली. फाटक बंद करायला एकच खटका पुरेसा होता.

मग खाजगी कंपन्या कधी आल्या?

नोव्हेंबर १९९८ मध्ये. सरकारनं परवाने खुले केले. पहिली पाच वर्षं परवाना शुल्क माफ आणि नंतर वर्षाला एक रुपया, इतकी मोकळीक. चेन्नईची सत्यम इन्फोवे सगळ्यात आधी उतरली. ती लोकांना 'सिफी' म्हणून माहीत आहे. मागून भारतीची 'मंत्रा ऑनलाइन', डिशनेट, मुंबईत एमटीएनएल, आणि चक्क फुकट इंटरनेट देणारी कोलकात्याची कॅलटायगर.

दुकानात चकचकीत पाकिटात सीडी आणि तास विकत मिळू लागले. रांग नको, अर्ज नको, ओळखपत्राच्या प्रती नकोत. घरी येऊन पाकीट फाडलं की सुरू. दर धडाधड कोसळले. मात्र २००० मध्ये स्वतःची आंतरराष्ट्रीय फाटकं उभारायची परवानगी मिळेपर्यंत या नव्या कंपन्यांना परदेशाकडची वाट व्हीएसएनएलकडूनच भाड्यानं घ्यावी लागे. म्हणजे प्रतिस्पर्धीच घाऊक व्यापारी. तक्रारी झाल्या नसत्या तर नवल.

टाटांकडे कंपनी कशी गेली?

मक्तेदारी आधी २००४ पर्यंत चालणार होती, ती दोन वर्षं अलीकडे आणली गेली. ती संपायच्या थोडं आधी, फेब्रुवारी २००२ मध्ये, सरकारनं २५ टक्के हिस्सा टाटा समूहाला १,४३९ कोटी रुपयांना विकला. शेअरमागे २०२ रुपये. त्याआधी सरकारनं कंपनीच्या तिजोरीतून घसघशीत लाभांश काढून घेतला होता. निर्गुंतवणूक मंत्री तेव्हा अरुण शौरी.

व्यवहाराची शाई वाळते न वाळते तोच, मे महिन्यात, नव्या संचालक मंडळानं व्हीएसएनएलचे १,२०० कोटी रुपये टाटा टेलिसर्व्हिसेस या टाटांच्याच फोन कंपनीत गुंतवायचं ठरवलं. दूरसंचार मंत्री प्रमोद महाजन यांनी उघड हरकत घेतली. शौरी एका बाजूला, महाजन दुसऱ्या बाजूला, आणि दोघं एकाच मंत्रिमंडळात. त्या महिन्यातली मराठी वर्तमानपत्रं काढून वाचली तर करमणूक होईल.

घरगुती गिऱ्हाईक नेमकं कशामुळे गेलं?

लोक म्हणतात सेवा वाईट म्हणून. मला ते अर्धंच पटतं. सेवा १९९५ मध्ये वाईट होती तेव्हा गिऱ्हाईक वाढत होतं, आणि २००३ मध्ये बरीच सुधारली होती तेव्हा घटत होतं.

खरं कारण तार. व्हीएसएनएलकडे समुद्राखालच्या केबली होत्या, उपग्रह होते, प्रभादेवीला आणि फोर्टला मोठमोठ्या इमारती होत्या. पण तुमच्या घरात येणारी तार एकही नव्हती. ती एमटीएनएल-बीएसएनएलची. डायलअपच्या, म्हणजे फोनचा नंबर फिरवून जोडणी घेण्याच्या, काळात याचं काही बिघडलं नाही, कारण त्याच तारेवरून कुणाचाही नंबर फिरवता यायचा. ब्रॉडबँडमध्ये नंबर फिरवणं संपलं. ज्याची तार त्याचं गिऱ्हाईक. ऑक्टोबर २००४ च्या धोरणानं २५६ किलोबिटच्या वर ते ब्रॉडबँड अशी व्याख्या केली आणि २००५ मध्ये बीएसएनएल-एमटीएनएलनं फोनच्याच तारेवर ते द्यायला सुरुवात केली. मुंबईत आणि पुण्यात तोवर गल्लीतला केबलवालाही गच्चीवरून निळी वायर सोडून नेट देऊ लागला होता. बिल घ्यायला तोच मुलगा यायचा, आणि बंद पडलं तर त्याच्याच मोबाइलवर ओरडता यायचं.

व्हीएसएनएलनं २००४ मध्ये डिशनेटचा इंटरनेट व्यवसाय सुमारे २७० कोटींना विकत घेऊन ही उणीव भरून काढायचा प्रयत्न केला. नाव बदलून 'टाटा इंडिकॉम' झालं. पण तोवर 'नेट घ्यायचंय' म्हटल्यावर व्हीएसएनएलचं नाव तोंडात येणं थांबलं होतं.

म्हणजे कंपनी बुडाली?

अजिबात नाही. ती घरातून उठली आणि समुद्रात गेली. दूरसंचाराच्या जागतिक मंदीत केबल कंपन्या मातीमोल झाल्या होत्या, तेव्हा तिनं टायको कंपनीचं जगभर पसरलेलं सागरी केबलींचं जाळं अवघ्या १३ कोटी डॉलरमध्ये उचललं. ते बांधायला याच्या कैक पट खर्च झाला होता. २००६ मध्ये कॅनडाची टेलिग्लोब ही दूरसंचार कंपनी घेतली. २००८ मध्ये नाव बदलून टाटा कम्युनिकेशन्स झालं. आज तुमचा व्हिडिओ कॉल कुणाच्याही जोडणीवरून जात असो, वाटेत कुठेतरी तो यांच्या केबलीतून गेला असण्याची बरीच शक्यता आहे. तुम्हाला बिल मात्र येत नाही, म्हणून नाव माहीत नाही.

सरकारनं आपला उरलेला २६ टक्के हिस्सा २०२१ मध्ये विकला.

जुन्या व्हिजिटिंग कार्डांवर अजून व्हीएसएनएलचे पत्ते दिसतात. ते लोक बदलत का नाहीत?

एका वकील काकांना मी हेच विचारलं होतं. म्हणाले, "अरे, पत्ता बदलला तर लोकांना वाटेल कालच प्रॅक्टिस सुरू केली." त्यानंतर मी हा प्रश्न कुणाला विचारला नाही.

दिघीच्या जमिनीचं काय झालं?

हा प्रश्न पिंपरी-चिंचवडकर हमखास विचारतात. बिनतारी संदेशांच्या जमान्यात प्रक्षेपणासाठी मोकळी माळरानं लागत, तशा जमिनी कंपनीकडे होत्या. २००२ च्या विक्रीत ७७३ एकर जादा जमीन बाजूला काढायचं ठरलं. ती दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि पुणे अशी विखुरलेली, पण सगळ्यात मोठा तुकडा आपल्या दिघीचा. ती टाटांना मिळणार नव्हती, वेगळ्या कंपनीत जाणार होती. ठरलं २००२ मध्ये आणि कागदोपत्री पार पडलं २०२० च्या सुमारास. 'हेमिस्फिअर प्रॉपर्टीज' या नावानं ती कंपनी शेअर बाजारात आहे. ज्यांच्याकडे व्हीएसएनएलचे जुने शेअर पडून होते त्यांच्या डीमॅट खात्यात एक दिवस हे अनोळखी नाव येऊन बसलं. आमच्या काकांनाही आले थोडे. हे कसले शेअर म्हणून त्यांचा फोन आला तेव्हा त्यांना दिघीचा माळ, खडकीचे खांब आणि १९२७ सालापासूनची सगळी गोष्ट सांगावी लागली. पंचवीस मिनिटं लागली. वही काही आता टांगलेली नाही.